रकाना क्रमांक सात

थाबा-त्सेकाच्या वरच्या वाडीत जायचं तर तट्टू करावं लागतं.
भाडं मालोतीत द्यायचं. मालोती म्हणजे पैसे,
आणि मालोती म्हणजेच डोंगर.
आमच्याकडे खिशात डोंगर घालून हिंडतात,
उतार लागेपर्यंत संपतात.

पहिलं घर पुसेलेत्सोचं. कुटुंबातील माणसे किती?
ती बोटं मोजते : मी, सासू, तीन पोरं आणि राखोमो.
राखोमो कुठंय?
खाणीत. सीमेपलीकडे.
शेवटचा कधी आला होता?
ईस्टरला, म्हणते. कुठल्या ते सांगत नाही.
फॉर्म म्हणतो, काल रात्री इथं झोपला तोच धरा.
ती कोपऱ्यातलं घोंगडं दाखवते :
हे झोपतं की रोज.
मी सहा लिहिते. खोडते. पाच लिहिते.
कागद तिथं जरा फाटतो.

न्टाटे फाकोए. व्यवसाय?
तो खोकतो. मी थांबते. तो पुन्हा खोकतो.
"लिही," म्हणतो, "हेच."

त्याची नात मासेरूला कारखान्यात जीन्सचे खिसे शिवते,
दिवसभर, फक्त खिसे, फक्त डावे.

रकाना सात : पिण्याचे पाणी. नळ, विहीर, इतर.
खाली दरीभर निळंशार धरण पसरलंय,
बोगद्यातून शेजाऱ्याच्या शहरांना जातं, रीतसर विकलेलं.
(शेजारी एकच. चहूबाजूंनी तोच.)
आणि वर, पिवळा डबा लादलेलं गाढव
झऱ्याकडून येतंय, वाटेत सांडत.
मी "इतर"वर खूण करते.

मासेरूत राजा आहे, पंतप्रधान आहे,
कुणाची आघाडी कुणाशी मोडली ते रेडिओ सांगतो.
इथं सरकार म्हणजे मोरेना मात्सेलिसो,
नवऱ्यामागे गादी चालवणारी,
आणि तिचा रबरी शिक्का.
शाई केव्हाच वाळली. ती शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडते,
माझ्या कागदावर दाबते,
थोडंसं राज्य उमटतं.

परतताना खिंडीत एक गुराखी पोर,
घोंगड्यातून नुसते डोळे.
त्याचं घर कुठल्याच यादीत सापडेना.
"किती भरलो आपण?"
अजून मोजतेय रे.
"माझी एकेचाळीस," तो मेंढरांकडे न बघता म्हणतो.
"एक गाभण आहे.
तुमच्यात तिचं कसं धरतात?"