कर्तरी प्रयोग

मडावी सरांनी शंभर पानी वही दिली,
मागे पाढे छापलेली. म्हणाले, गोष्ट लिही.
माणूस कुणीही घे, तूच असला पाहिजेस असं नाही.

मी रेवत नावाचा एक घेतला.
मानेवाड्यात वरच्या खोलीत बसवला, मे महिना,
कूलरच्या ताट्या कोरड्या,
छातीला आवळलेलं कापड घामानं जड.
आणि त्याच्या तोंडी पहिलं वाक्य दिलं:
मी दारू घेतली.

इतवारीत आठ वर्षं लग्नपत्रिकांची प्रुफं वाचतो मी,
ऱ्हस्व-दीर्घ मला फसवत नाहीत.
पण या वाक्यात रेवत सापडेना.
घेतली, ती दारू.
शपथ घेतली, मोडली, आईची पोत विकली, रात्र काढली
सगळी क्रियापदं वस्तूंच्या मागं निघून गेलेली
आणि मी तिथंच, ना लो, ना ले,
कुणी ओळखू नये असा.

कर्मणी. सातवीत शिकवलं होतं,
स्कर्ट घालून पहिल्या बाकावर बसायचो तेव्हा.

गड्डीगोदामच्या भट्टीवर
प्यायलो असं कधीच म्हणालो नाही.
त्यातला लो उघडा पडतो,
चार जण वळतात आवाजाकडे, मग गळ्याकडे.
घेतली थोडी, एवढंच म्हणायचं
आणि दारूच्या स्त्रीलिंगामागं उभं राहायचं.

सावनेरची काकू मरेपर्यंत
"मी येतो नं बाप्पा" म्हणून निघायची,
तिला कुणी हटकलं नाही.
मी एकदा येतो म्हणालो,
आईच्या हातातला झारा भिंतीला लागला.

दुसऱ्या पानावर रेवत म्हणतो: राहवलं नाही.
हे तर फारच सोयीचं.
कर्ता घरातच नाही, दार नुसतं लोटलेलं.

असं बारा पानं चाललं.
हिंगणा रोडवरचे ट्रक मोजत झोप यायची, कधी यायची नाही.

एकोणिसाव्या दिवशी रेवतवर काट मारली.
(पोरगा बरा होता, उगाच मेला.)
खाली लिहिलं:

मी दारू प्यायलो.

हात कापत होता, लोचा काना तिरका पडला.
प्रूफ असतं तर खूण केली असती.

मडावी सरांनी वाचलं,
चष्मा काढून पुसला,
वही परत दिली.
"मंग? पुढं?"