लांडग्याचं काम

सारंगखेड्याच्या जत्रेत आमचा तंबू
घोडेबाजाराला पाठ करून लागायचा.
मशीनवर बाप. हिलाल मिस्तरी.
कार्बनच्या काड्या जुळवता जुळवता
भुवया जळालेला माणूस.

त्या साली सिनेमा प्रेमाचा होता.
घाटात मोटार बंद पडते. धुकं.
तिच्या अंगावर पातळ साडी, त्याच्या अंगावर कोट,
आणि कुठूनसा लांडगा ओरडतो.
ती त्याच्या गळ्यात पडते.
लांडग्याचं काम तेवढंच:
दोन माणसांमधलं हातभर अंतर मिटवायचं,
आणि शेवटच्या रिळात
गोळी खाऊन मोकळं व्हायचं.

पण तिसऱ्या रिळाचा आवाजच गेलेला.
म्हणून बाप मशीन माझ्यावर सोपवून
पडद्यामागे जायचा
आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून ओरडायचा.
पहिल्या रात्री बाजारातले घोडे उधळले.
सहा-सात सौदागर काठ्या घेऊन तंबूत शिरले
आणि उरलेला सिनेमा उभ्यानं, फुकट बघून गेले.

कनातीपलीकडे, बायकांच्या बाजूला,
सगळ्या चिडीचूप झाल्या की
एक जण हसायची.
दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्याही.
नेमकी तिथेच.

ठगू. धुडकू सरगची पोरगी, ठेलाऱ्यांची.
मेंढरं तापीकाठी बसवून
बापलेक रोज चार आण्यांचं तिकीट काढायचे.
शेंगा विकायच्या निमित्तानं विचारलं, हसतेस का गं?
"हाऊ कुत्रा शे रे भो.
शेपूट दख ना त्यानी. लांडगानी शेपूट खाले ऱ्हास.
आनि तो वरडीसन येत नही.
येस तवय मेंढ्यासले बी मालूम पडत नही."

भो म्हणाली मला.
तरी मी पुडीत शेंगा जास्त टाकल्या.

मग तिनं सांगितलं, पुडी संपेपर्यंत,
की नाल्याच्या कपारीत मादी वीत असते तेव्हा
नर रात्रभर माळ तुडवतो,
मांस पोटात भरून कोसभर चालत येतो
आणि बिळाच्या तोंडाशी ओकतो.
तिच्यासाठी. पिलांसाठी.
आमचं कोकरू होतं त्यात, ती म्हणाली,
बापाने शिव्या दिल्या, पण दगड नाही मारला.
हे कोणी पडद्यावर दाखवत नाही.
दाखवलं असतं तर तंबूत
एकही जोडपं जवळ सरकलं नसतं.

चौथ्या रात्री बाप ओरडला
आणि कनातीपलीकडे कोणी हसलं नाही.
तापीकाठी नुसत्या लेंड्या होत्या
आणि विझलेली चूल.
बाप म्हणाला, आज आवाज कसा लागला?
मी म्हणालो, अस्सल.

पुढे तंबू गेला, बाप गेला,
मशीन धुळ्याच्या एका भंगारवाल्यानं किलोवर घेतलं.
आता पुतणीच्या मोबाइलवर
लांडगे गोरेपान तरुण असतात,
चंद्र उगवला की सदरा काढतात,
आणि मुलीच त्यांच्या मागे रानात जातात.
पुतणी रडते.
मी शेपूट शोधत बसतो.

परवा साक्रीचं लग्न आटोपून परत येताना,
छडवेलच्या अलीकडे,
जिथं पवनचक्क्यांचे लाल दिवे
एकदम लागतात, एकदम विझतात,
गाडीच्या उजेडात तो आडवा आला.
वाळलेल्या गवताच्या रंगाचा. हडकुळा.
पोट मात्र भरलेलं.
धुकं नव्हतं. संगीत नव्हतं.
शेपूट खाली.
मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.
त्यानं माझ्याकडे बघितलं,
जसं उशीर झालेला माणूस
रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्याकडे बघतो,
आणि माळावर उतरून गेला.

बायकोला जाग आली.
"काय व्हयनं?"
काही नाही, म्हणालो. कुत्रं.
तिनं पदर कानावर ओढून घेतला
आणि खिडकीकडे तोंड करून
पुन्हा झोपली.