पुडी पाणी पिते

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या पाठीमागं, तिसऱ्या गल्लीत
आमचं गोडाऊन.
इथं लोखंड येत नाही, लोखंडाची राखण येते:
बोटाएवढ्या पांढऱ्या पुड्या, आत काचेसारखे दाणे,
एका पिंपात चार हजार.

पहिल्या दिवशी लुमाण्णा सुपरवायझर म्हणाला,
"रेणुका, ही पुडी पाणी पिते.
तू पिंप उघडं टाकून च्याला गेलीस
की खानापूरकडची सगळी ओल ही इथंच पिऊन बसंल.
मग पार्टीच्या खोक्यात जाऊन काय करंल?
ढेकर देईल."

म्हणून पिंप भिंतीपासून वीतभर लांब,
खाली लाकडी पाट,
आत दुहेरी पिशवी, हवा दाबून काढायची,
तोंडाला पीळ, पिळावर पट्टी,
आणि एकावर एक तीनच.
चौथं चढवलं
की तळातल्या पुड्यांची शिवण उसवते,
दाणे झाडूखाली करकरतात साखरेसारखे.

पुडीवर 'खाऊ नये'
इंग्रजीत आहे, कानडीत आहे,
परवा एका लॉटवर चिनीतही होतं.
मराठीत नाही.
मी तरी कुठं खाल्ली?

एकदा चोर्ल्यातून गोव्याच्या बंदराकडं निघालेला ट्रक
कणकुंबीला दोन रात्री अडकला, ताडपत्री फाटकी.
पिंपं परत आली. उघडली तर
खुणेचे निळे दाणे सगळे गुलाबी.
"किती छान दिसूलालेत की," म्हणाली नवी पोर, मल्लव्वा.
लुमाण्णानं कपाळाला हात लावला.

त्यातले मूठभर मी मागून घेतले.
घरी एक जुना तवा आहे, भाकरीचा नव्हे.
खिडकी उघडून, मंद आचेवर परतत बसते.
आधी जांभळे,
बराच वेळ जांभळेच,
मग निळे.

ते एका डबीत, वर मलमलची चकती,
चकतीवर प्रज्योतचं कानातलं यंत्र,
रात्रभर.
शाळेचा घाम, कबड्डीचा घाम
दाणे गुपचूप पिऊन घेतात.
सकाळी शेजारची निंगव्वा "बारो" म्हणते,
मी "ये रे" म्हणते,
दोन्हीला वळतो.

डबीचं झाकण तेवढं रोज उघडं टाकतो.
मी ओरडते.
पण तेव्हा त्यानं यंत्र काढून ठेवलेलं असतं.