चार्ज देताना

ही ड्रॉवरची किल्ली.
स्टेशनरी रजिस्टर पान एकोणसाठपर्यंत भरलंय,
पंखा तीनवरच ठेवा, चारवर तो ओरडतो.
झालं ऑफिसचं.
आता पेन काढा, आढाव,
पुढचं कुठल्या फाईलीत सापडणार नाही.

चादर घ्यायची तर हायवेवरच्या बोर्डांना भुलू नका.
पूर्व भागात जा, दिवेलागणीला,
माग चालू असतानाच.
राजमणी येमुलचं घर विचारा.
पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत चार माग,
दोन्हींच्या मधे पडदा, तोही तिथलाच, रिजेक्ट माल.
ती चादर उलगडत नाही, फेकते.
जमिनीला टेकेपर्यंत भाव सांगून झालेला असतो.
घासाघीस करा, न केल्यास तिला वाईट वाटतं,
पण वीस रुपयांवर थांबा.
मोर दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे,
रंग तेवढे उलटे.
शंका असेल तर तिच्या नवऱ्याकडे द्या.
त्याला आता दिसत नाही फारसं,
काठावरून बोट फिरवून धागे सांगतो.

वहिनींच्या साडीला चाटी गल्ली. दहा तारखेच्या आत नको,
पगाराची गर्दी असते.
कबाब दस्तगीरच्या गाड्यावर, रात्री नवानंतर,
तो वजन करत नाही, तुमच्याकडे बघून वाढतो.
मला नेहमी कमीच वाढायचा.
काय ते मी विचारलं नाही.

जानेवारीत रजा टाकू नका कुठे जायला.
गड्डा असतो.
नंदीध्वज आले की मोबाईल खिशात, मान वर,
बस, एवढंच करायचं असतं.
होम मैदानावर पाळण्यात बसा किंवा बसू नका,
तवा मात्र तिथूनच घ्या.
आमचा अकरा वर्षं झाली, अजून भाकरी सोडतो.

त्याच महिन्यात हुरडा. मार्डीच्या रस्त्याला
वीरभद्र हत्तुरेंचं शेत. आधी फोन करा,
नाहीतर ते जेवणही घालतात आणि रागावतातही.
कणीस तळहातावर चोळताना चटका बसतो
तेव्हा फुंकर घालायची नाही, चोळत राहायचं.
माझी मुलगी इथेच शिकली. आता बंगळूरला
पाकिटातलं काहीतरी मागवते, त्याला हुरडा म्हणते.

पावसाचं विचारू नका.
आलाच सप्टेंबरात तर हिप्परग्याला चक्कर मारा,
थंडीत तिथे बदकं येतात, म्हणजे बदकं नव्हेत,
नाव सांगणारे साळुंखे रिटायर झाले.

आणि मे.
मे मध्ये सावलीसुद्धा तापते.
त्यासाठी 'चंद्रिका'.
स्टेशनच्या अलीकडे, बोर्डावरचं 'द्रि' विझलेलं,
तेव्हा रात्री 'चंका परमिट रूम' शोधा.
मी तिथे दारूसाठी कमी गेलो, कूलरसाठी जास्त,
असं घरी सांगितलंय.
अंबादास म्याकल बिल तेलुगूत मोजतो,
पोऱ्याला कानडीत झापतो,
आणि आपल्याशी मराठीत: "काय सायेब, लई दिसानं आलाव."
शेंगाचटणी न मागता येते, वर दही.
तिसऱ्या पेगात तो आपणहून पाणी जास्त घालतो.
भांडू नका. चौथा तो देत नाही.

जिन्याखालचं टेबल घ्या.
वारा थेट तिथेच येतो.
एक पाय आखूड आहे, खाली कागदाची घडी दिसेल.
माझा बदलीचा अर्ज आहे तो,
आलो त्याच वर्षीचा, कोल्हापूर मागितलं होतं.
खिशात घेऊन बसलो होतो, सकाळी देणार होतो,
ग्लास डचमळायला लागला
आणि अंबादास म्हणाला, "कागूद हाय का बे एखादा?"

आता न मागता ऑर्डर आली.
कोल्हापूरच.

इथे सही करा. तारीख आजची.
आणि तो कागद राहू द्या तिथेच,
काढलात तर टेबल डुगडुगतं.