सातवी बरगडी

गुळगुळीत नळीतून वारा जातो
तसा परका माणूस दारावरून जातो,
कशालाच हात न लावता.
म्हणून आम्ही आत बरगड्या बसवतो.
अडखळलेला वारा भिंतीला धरतो,
तिची धग उचलून पुढे निघतो,
आणि टर्बाइनचं पातं
वितळायचं राहून जातं.

फिनस्पोंगमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही.
बेकरीतल्या बाईलाही माहीत असतं,
तिचा नवरा जन्मभर पाती घासायचा.

माझं काम त्याहून कोरडं.
मी वारा पाहत नाही, त्याचं गणित पाहते.
नऊ कोटी खणांची जाळी,
प्रत्येक खणात एक वेग, एक दाब,
आणि जाळीच्या डोळ्यांतून निसटणाऱ्या
बारक्या भोवऱ्यांसाठी एक अंदाज,
ज्याला आम्ही प्रारूप म्हणतो,
म्हणजे लाज वाटत नाही.

बरगडी ओलांडली की प्रवाह सुटतो,
उलटा फिरतो, स्वतःचीच शेपटी हुंगतो,
आणि तिच्या उंचीच्या चौपट अंतरावर कुठेतरी
पुन्हा जमिनीला टेकतो.
माझा टेकायचा डावी-उजवीकडे सारखाच.
तुमचा नाही, सिक्स्टेन.
त्र्याऐंशी साली पारदर्शक नळीत
धूर सोडून तुम्ही मोजलेला प्रवाह
सातव्या बरगडीमागे
उजवीकडे लवकर टेकतो.

तीन आठवडे मी स्वतःवर संशय घेतला.
जाळी बारीक केली, काळाची पावलं आखूड केली.
तळघरातली यंत्रं रात्रंदिवस घरघरली
आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन आली,
भांग पाडलेल्या शहाण्या मुलासारखं.

मग तुमची वही सापडली.
पेन्सिलीत एक ओळ:
बरगडी ७. सरकली. राहू दे.

वृद्धाश्रमात तुम्ही आधी विचारलंत,
वहीला बुरशी तर नाही ना लागली.
मग उजवा अंगठा वर केलात.
सरस सुकायला चाळीस मिनिटं लागायची,
तोवर बरगडी दाबून धरायची, हलायचं नाही.
तिसाव्या मिनिटाला दार उघडलं.
दारात आर्विद. धाकटा भाऊ.
एका होडीच्या वाटणीवरून
अकरा वर्षांचा अबोला.

काय म्हणाले ते?

"काही नाही. टोपी काढली त्याने.
मी मान वळवली, तेवढ्यात अंगठा सरकला.
पण हात सोडता येईना, सरस ओला होता.
त्याला वाटलं, मी उठत नाही."

बाहेर कुणीतरी पायरीवरचा बर्फ खरवडत होतं.
बराच वेळ.

परत येऊन मी सातवी बरगडी कलती केली,
एका अंशाहून थोडी कमी.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
'अंगठा' असं लिहिलं.
कोपऱ्यातला भोवरा एका अंगाने सुजला,
दुसऱ्या अंगाने चिमटला,
आणि सहाव्या दिवशी माझी रेघ
तुमच्या टिंबांमधून अशी गेली
जशी सुई उसवलेल्या शिवणीच्या
जुन्याच भोकांतून जाते.

तुम्हाला फोन केला.
"आणि पुढे? आठवीमागे?"
थोडा तिरपा.
नववीमागे जेमतेम.
दहावीनंतर वाऱ्याला काहीच आठवत नाही.

"तीन बरगड्या," तुम्ही म्हणालात.
"एवढंच?"

तुमच्या बाजूला एक कप बशीवर टेकला,
पुन्हा उचलला गेला.

"जाळी," तुम्ही म्हणालात,
"आणखी बारीक करून बघ."