फक्त दोनदा

ध्वनिफीत दोनदाच वाजते, असं नियमात लिहिलंय.
पहिल्यांदा वाजते तेव्हा ऐकू येतं ते एवढंच :
एक बाई, एक बाप्या, मागं कपबश्या,
आणि माझ्या डाव्या कानात
शिरोलीच्या फेटलिंग शॉपचा ग्राइंडर,
जो रोज संध्याकाळी सहाला बंद होतो
आणि एकोणीस वर्षं बंद झालेला नाही.

दुसऱ्यांदा वाजते तेव्हा
बाई चिडलीय एवढं कळतं.
कशावर, ते चार पर्यायांत आहे.
मी 'क' लिहितो. 'क' नसतं.

ब्रेशाच्या एका फौंड्रीला माणूस पाहिजे.
आमच्या मोल्डिंग लाइनचं माहेर ते,
मशीनच्या पाटीवर गावाचं नाव आहे,
वाळूनं घासून अर्धं गेलेलं.
त्यांनी कळवलं, हात चालतील, भाषा बी-टू लागेल.
कानाबद्दल कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

व्याकरणाचं भ्या नाही मला.
राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, आयरीन भोरे बाई
जिन्याखालच्या खोलीत फळा लावून शिकवतात.
नपुंसकलिंग तिकडं नाहीच, म्हणाल्या.
पाणी बाई, झाड बाप्या,
आणि बीड,
जे मी अर्धा जन्म साच्यात ओतलं,
ते तिकडं 'ती' आहे.
दुसऱ्या दिवशी भट्टीसमोर उभा राहिलो
तर जरा लाजल्यासारखं झालं.

दुहेरी व्यंजनं मात्र तुमची झकास, म्हणाल्या.
असणारच.
रग्गड, बक्कळ, चिक्कार, गप्प.
गंगावेशीच्या कट्ट्यावर
म्हशीखालचा पेला तोंडाला लावत वाढलेल्या जिभेला
द्वित्त कोण शिकवणार?

आणि जिथं खात्री नाही
तिथं क्रियापद वाकवायचं.
क्रेदो के सिया. मला वाटतं, असावं.
हे आमच्यात हायच की बाई, म्हटलं,
गाडी गेली असावी, साहेब चिडले असावेत,
तिनं हाक मारली असावी.
शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं नाही.

तोंडी परीक्षेला विषय :
तुमच्या शहरात झालेला एक बदल, दोन मिनिटं.
मी महापूर घेतला.
पाणी चढत होतं, हा एक भूतकाळ.
पाणी हायवेवर आलं, हा दुसरा.
आठ दिवस भट्टी गार, कारखाना मुका,
आणि मला ग्राइंडर
आणखीच मोठ्यानं ऐकू येत होता.
याला कुठला काळ लावायचा
ते भोरे बाईंनाही चटकन सुचलं नाही.

खरं म्हणजे मी ओठ बघून ऐकतो.
फोरमनचे, बसकंडक्टरचे, त्रिशलाचे.
फितीला ओठ नसतात.

म्हणून मी उतारे देवनागरीत उतरवले,
आणि रात्री भांडी झाल्यावर त्रिशलाला म्हटलं,
वाच. पण माझ्याकडं पाठ करून बस.
ही कसली नवी तऱ्हा, ती म्हणाली,
तरी बसली. पाटावर, भिंतीकडं तोंड करून.
एक अक्षर कळत नसताना
ती मोठ्यानं वाचू लागली,
रेल्वे उशिरा आहे, घरभाडं वाढलंय,
दुकानदारानं चुकीचा कोट दिलाय.
देवळात स्तोत्र म्हणावं तशा एकाच सुरात.
मी तिच्या वेणीकडं बघत होतो.
वेणी काही सांगत नव्हती.
दहापैकी तीन आले.
काल चार.

आज पाचव्या उताऱ्याला ती मध्येच थांबली.
कागद खाली ठेवल्यासारखा हात हलला,
आणि काहीतरी बोलली.
मी पेन्सिल धरून बसलो,
पर्याय शोधत.

मग ती पुन्हा बोलली,
तेच, जरा सावकाश,
अजून भिंतीकडंच बघत :
"कवापासनं ऐकू येत न्हाई तुम्हाला?"

हे उताऱ्यात नव्हतं.
आणि दोनदा वाजून झालं होतं.