मुरलेलं पाणी

मे महिना. हँकॉक गावाबाहेरचं गॅरेज.
मागच्या भिंतीला टेकून बर्फाचा शेवटचा ढीग
काळा पडलाय, तरी हटत नाही.
मधोमध लाकडी घोड्यांवर बोट,
सोळा फुटी, चौसष्ट सालची,
इसाने अठ्ठ्याहत्तरमध्ये कुणाकडून तरी जुनी घेतलेली.
वडिलांना आम्ही इसाच म्हणतो, आमच्या फिनिश आजोळासारखं.

हेल्मीने करवतीने तळाची जमीन कापली.
पहिला चौकोन उचलला तसा वास आला:
शेवाळ, पेट्रोल, आणि एक कधीचा मेलेला उंदीर.
खाली फोम.
बोट भरली तर तिला बुडू द्यायचं नाही,
एवढंच याचं काम. म्हणून तर हलका असतो.
मी खोरं घातलं. निघाला तो भिजल्या उशीसारखा.
पिळला, तर कोपरापर्यंत ओघळ.
खुर्चीच्या एका स्क्रूच्या भोकातून
साठ वर्षं घोट घोट पीत आलाय,
वरून गालिचा कोरडा ठणठणीत.

इसा म्हणायचा, बोट आळसावलीय.
त्याने पंखा बदलला. अख्खा हिवाळा
स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून इंजिन खोललं.
मग त्र्याऐंशीच्या जुलैत
धक्क्यावर आम्ही दोघी जाकिटं घालून उभ्या,
तेव्हा म्हणाला, "एकच चला. दोघी आलात की ती मागे बसते."
बोलला दोघींना. बघत होता हेल्मीकडे.
ती बारा वर्षांची, एकशे चाळीस पौंड.
मी आठची, काडी.
मी उडी मारून चढले. हेही लिहायला हवं.

त्यानंतर ती बोटीत बसली नाही.
आम्ही आणलेले मासे धक्क्यावर साफ करायची,
खवले हाताच्या केसांना चिकटलेले,
आणि रात्री जेवताना पाव दोनदा नको म्हणायची.

आज ती घरून वजनकाटा घेऊन आलीय,
न्हाणीघरातला, गुलाबी.
बादली भरते, काट्यावर ठेवते,
बादलीचं वजन वजा करते,
आकडा पेन्सिलीने भिंतीवर.
एकतीस. अठ्ठावीस. तेहेतीस.
शाळेत गणित शिकवते ती, हातचा विसरत नाही.
संध्याकाळी खाली रेघ मारली: चारशे बारा.

मी म्हटलं, "तेव्हा एवढं नसेल."
"निम्मं धर," ती म्हणाली.
"दोनशे सहा. तरी दीड हेल्मी."
आणि हसली. मला हसू आलं नाही.
पाणी कुठे मुरतंय, हे शोधायला
त्याने फक्त जमीन उचलून बघायची होती.

शनिवारी हीटर लावून गॅरेज तापवलं.
थंडीत नवा फोम फुलत नाही.
आधी कण्याशेजारी अर्धा पाइप उपडा घातला.
"पाणी येणारच," हेल्मी म्हणाली, "त्याला जायला वाट ठेव."
मग नवी जमीन, तिला भोकं,
दोन डबे, दोन द्रावणं. मी ढवळते, ती मोजते,
वीस म्हणाली की ओतायचं.
आधी काहीच नाही. काकवीसारखा पडून राहिला.
मग आत कुठेतरी सुरसुर झाली,
हाताला जमीन कोमट लागली,
आणि भोकाभोकातून पांढरी अळंबी वर आली.

करवतीने ती छाटली.
एक मूठभर तुकडा तिने काट्यावर टाकला.
काटा हललाच नाही.
डब्यांवर वाचून हिशेब केला: सगळा मिळून चोवीस पौंड.
हा आकडा मात्र तिने भिंतीवर लिहिला नाही.

रविवारी ती वृद्धाश्रमात जाते,
इसाला वाटाण्याचं सूप भरवते, हनुवटी पुसते.
"सांगणार आहेस त्याला?"
"त्याला ऐकू कुठे येतं."
थोड्या वेळाने: "बघू."

मी ब्रश धूत होते.
मागे वळले तर ती बोटीत,
बूट काढून, अगदी मधोमध बसलेली,
मांडीवर हात, गॅरेजच्या बंद दाराकडे तोंड.
लाकडी घोडा एकदा करकरला.
ती हलली नाही.